खेळता ठेवा

सप्टेंबर २०१९ मध्ये कॅनबेऱ्याच्या नॅशनल फिल्म अँड साउंड आर्काइव्हने जाहीर केलं, की ऑस्ट्रेलियात तयार झालेले व्हिडिओ गेम यापुढे देशाच्या दृक्‌श्राव्य ठेव्याचा भाग म्हणून जपले जातील. पहिल्या खेपेला आठ गेम निवडले होते. सर्वांत जुना १९८२चा ‘द हॉबिट’, सर्वांत नवा २०१९चा ‘एस्पायर १’. मधल्या सदतीस वर्षांतले ‘हॅलोवीन हॅरी’, ‘शॅडोरन’, ‘एल. ए. न्वार’, ‘सबमर्ज्ड’, ‘हॉलो नाइट’ आणि ‘फ्लॉरेन्स’.

ही संस्था मुळात सिनेमा आणि ध्वनिमुद्रणं सांभाळणारी. हातातून निसटणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक आहे. १९०६ साली मेलबर्नमध्ये पडद्यावर आलेला ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. तासाभराहून मोठा असलेल्या त्या चित्रपटाचे आज काही तुकडेच उरले आहेत. आपल्या फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही हीच गत झाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर गावोगाव हिंडून रिळं गोळा करत राहिले म्हणून निदान काही भाग तरी आपल्या नजरेला पडतो. ‘आलम आरा’ तर समूळ गेला. सिनेमाच्या बाबतीत जाग यायला दोन्ही देशांना काही दशकं लागली. तोवर कारखानदारांनी चांदीसाठी फिल्म वितळवल्या होत्या, गोदामं जळाली होती. गेमच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या काही माणसांनी ही जाग जरा लवकर येऊ दिली. ती कशी आली, त्यातून तिथल्या संग्रहालयांचं रूप कसं पालटलं आणि आपल्याला त्यातून काय घेता येईल, हे सांगण्यासाठी या पुस्तकाचा खटाटोप आहे.

सिनेमा जपला की तो दाखवता येतो. खुर्च्या मांडल्या, दिवे मालवले, झालं. तलवार जपली की काचेमागे ठेवता येते. ती कुणी चालवली नाही तरी तलवारच राहते. गेमचं तसं नाही. कुणी खेळत नसेल तेव्हा तिथे फक्त प्लास्टिकचा डबा असतो आणि त्यात काही नोंदी. खेळणाऱ्याने बोट हलवलं, चुकला, पुन्हा सुरुवात केली, की गेम अस्तित्वात येतो. म्हणून गेम जपायचा तर खेळणं जपावं लागतं. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे, आणि पुढची प्रकरणं ते निरनिराळ्या बाजूंनी मांडतात.

‘द हॉबिट’पासून सुरुवात करतो, कारण त्यात सगळ्या अडचणी एकत्र सापडतात. १९८०च्या सुमारास मेलबर्नमध्ये अल्फ्रेड मिलग्रोम आणि नाओमी बेसन यांनी बीम सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. मेलबर्न विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणारी वेरोनिका मेग्लर तिथे अर्धवेळ कामाला लागली. तिच्या जोडीला फिलिप मिचेल होता. टोल्किनच्या कादंबरीवर त्यांनी गेम रचला, आणि तो झेडएक्स स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती कॉम्प्युटरच्या ४८ किलोबाइट जागेत बसवला. आज मोबाइलवर सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या एका चित्राला याहून जास्त जागा लागते. तेवढ्यात त्यांनी चित्रं घातली, पूर्ण वाक्यं समजून घेणारी यंत्रणा घातली, आणि त्या काळात नवल वाटावं अशी एक गोष्ट केली: गेममधली पात्रं खेळणाऱ्याच्या हुकमाची वाट पाहत नसत. ती आपापली हिंडत, भांडत, मरत. खेळणारा एखाद्या बंद दाराशी अडकून डोकं खाजवत असायचा आणि सोबतचा थोरिन खाली बसून सोन्याचं गाणं म्हणायला लागायचा. त्या थोरिनवर चिडलेली माणसं आज साठीला आली आहेत आणि अजून त्याची आठवण काढतात. दर वेळी गेम निराळा व्हायचा. तीच जागा, तीच माणसं, पण काल जगलेला आज पहिल्याच वळणावर मेलेला.

हा गेम यायचा कॅसेटवर. कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालायची, वायर कॉम्प्युटरला जोडायची, आणि कानाला बोचणारी किरकिर ऐकत काही मिनिटं बसायचं. तेवढा वेळ टीव्हीच्या चौकटीवर रंगीत पट्टे धावत असायचे. मध्येच टेप डळमळली, की पुन्हा पहिल्यापासून. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकात परवाना घेऊन स्पेक्ट्रम काढला होता. तेव्हा काही मराठी घरांतल्या माळ्यांवर आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांच्या कपाटात ती किरकिर अजून पडून असण्याची शक्यता आहे.

आता हा गेम संग्रहालयात ठेवायचा म्हणजे नेमकं काय ठेवायचं? कॅसेटवरचं चुंबकीय मुद्रण दर वर्षी थोडं थोडं विरत जातं. स्पेक्ट्रमच्या रबरी कळांखालचा पातळ पडदा वाळून तडकतो, मग कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. ज्या टीव्हीवर तो दिसायचा, ते काचेच्या नळीचे टीव्ही बनणं थांबलं आहे आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही कमी होत चालले आहेत. यावर उपाय एम्युलेटरचा. आजच्या कॉम्प्युटरला जुन्या कॉम्प्युटरसारखं वागायला लावणारी ही प्रणाली. तिने गेम चालतो, अगदी उत्तम चालतो. पण वाट पाहणं जातं. किरकिर जाते. कागदावर हाताने काढलेला नकाशा, मासिकात छापून आलेल्या सूचना, शाळेत मधल्या सुट्टीत मित्राने सांगितलेली युक्ती, हे सारं एम्युलेटरमध्ये येत नाही. आणि १९८२ मध्ये खेळणं म्हणजे हे सारं होतं.

ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात असताना मेलनी स्वॉलवेल या अभ्यासक बाईंनी हे ओळखलं. ‘प्ले इट अगेन’ नावाचा प्रकल्प त्यांनी सहकाऱ्यांबरोबर उभा केला. मेलबर्नचं ॲक्मी हे संग्रहालय आणि बर्लिनचं कॉम्प्युटर गेमचं संग्रहालय त्यात भागीदार होती. गेमच्या प्रती मिळवणं हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे १९८०च्या दशकात हे गेम खेळलेल्या आणि घरच्या घरी लिहिलेल्या लोकांकडून त्यांच्या आठवणी, पत्रं, फोटो मिळवणं. त्यासाठी त्यांनी लोकांच्या आठवणींचं एक खुलं संग्रहस्थळच उघडलं. मला या कामाचं फार मोल वाटतं. आपल्याकडे लोकगीतं आणि जात्यावरच्या ओव्या ज्यांनी उन्हातान्हात फिरून टिपून घेतल्या, त्याच जातीचं हे काम आहे. तिथेही शब्द महत्त्वाचे होते, आणि ती ओवी कोण, कधी, काय करताना म्हणते हेही तेवढंच महत्त्वाचं होतं.

स्वॉलवेल यांच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुरुवातीची कितीतरी पोरं केवळ गेम खेळत नव्हती, गेम लिहीत होती. परदेशी माल महाग पडायचा, उशिरा पोचायचा. मग मासिकात छापलेला प्रोग्राम ओळ न् ओळ टाइप करायचा, त्यात बदल करायचे, शेवटी आपला स्वतःचा रचायचा. १९८२ मध्ये तिथे मायक्रोबी नावाचा स्वदेशी कॉम्प्युटर निघाला, सुरुवातीला तर सुटे भाग घरी आणून जोडायचा. तो अनेक शाळांत गेला. अंतरामुळे आलेल्या अडचणीने एका पिढीला हाताने करायला शिकवलं. असे गेम कधी दुकानात आलेच नाहीत, त्यामुळे कुठल्याही व्यापारी यादीत त्यांची नोंद नाही. एखाद्या गॅरेजमधलं खोकं फेकलं गेलं, की एक अख्खा गेम जगातून जातो.

मोठ्या कंपन्यांचंही फार वेगळं झालं नाही. २००९ ते २०११ या काळात ब्रिस्बेनचा पँडेमिक स्टुडिओ, क्रोम, टीएचक्यूचे ऑस्ट्रेलियातले स्टुडिओ आणि सिडनीची टीम बॉन्डी अशी एकामागून एक दारं बंद झाली. ऑस्ट्रेलियन डॉलर वधारला होता, जगात मंदी होती, आणि बरंचसं काम परदेशी प्रकाशकांसाठी ठरावीक मोबदल्यावर चालायचं. ते प्रकाशक मागे सरले. ‘एल. ए. न्वार’ २०११च्या मे महिन्यात जगभर गाजला आणि तो घडवणारी टीम बॉन्डी त्याच वर्षी बुडाली. अशा वेळी कामाचे मूळ कागद, आराखडे, प्रोग्रामचा स्रोत कुणाच्या ताब्यात जातो? कायद्याने मालक सातासमुद्रापलीकडे, आणि ज्यांनी रात्री जागून ते केलं त्यांच्याकडे फार तर एखादी हार्ड डिस्क. सरकारनेही बराच काळ धरसोड केली. २०१३ मध्ये दोन कोटी डॉलरचा निधी सुरू केला आणि २०१४च्या अंदाजपत्रकात तो गुंडाळला. पुढे कायदा करून जुलै २०२२ पासूनच्या खर्चावर ३० टक्के करसवलत दिली. या चढउतारांत संग्रहालयं हा एकच धागा सलग राहिला.

मेलबर्नमधल्या मराठी घरांत भारतातून आईवडील राहायला आले की फेडरेशन स्क्वेअरची फेरी ठरलेली असते. समोर फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनचा हिरवा घुमट, मागे यारा नदी. याच चौकात ॲक्मी आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेलं राज्याचं फिल्म केंद्र हे त्याचं मूळ. शाळांना, मंडळांना चित्रपटांच्या प्रती पुरवणारं. २००२ मध्ये ते नव्या नावाने, नव्या इमारतीत आलं आणि ‘हलतं चित्र’ म्हणजे सिनेमा, टीव्ही आणि गेमसुद्धा, अशी भूमिका त्याने घेतली. २००५ पासून तिथे गेमसाठी स्वतंत्र कक्ष होता. लंडनच्या बार्बिकनमध्ये गाजलेलं ‘गेम ऑन’ हे प्रदर्शन २००८ मध्ये तिथे आलं. २०१२ मध्ये ॲक्मीने स्वतःचं ‘गेम मास्टर्स’ उभं केलं. गेम रचणाऱ्या माणसांना त्याने केंद्रस्थानी ठेवलं आणि शंभराहून जास्त गेम प्रेक्षकांना प्रत्यक्ष खेळायला दिले. ते पुढे वेलिंग्टन, एडिनबरा असं जगभर हिंडलं आणि २०१९ मध्ये कॅनबेऱ्यात, आठ गेमची ती यादी जाहीर झाली तेव्हा, त्याच संस्थेच्या दालनात लागलं. ‘गेम मास्टर्स’ निघालं त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले आणि ‘ही कला आहे का’ यावर तिकडे रणं माजली. मेलबर्नने त्या वादात फारसा वेळ घालवला नाही. खुर्ची कुठे ठेवायची, आवाज किती ठेवायचा, ज्याने आयुष्यात कधी कन्सोल हातात धरला नाही त्याला पहिल्या मिनिटात काय कळलं पाहिजे, असल्या प्रश्नांत त्यांनी डोकं घातलं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

कारण प्रश्न खरोखर अवघड आहेत. एखादा गेम पुरा व्हायला तीस-चाळीस तास लागतात. संग्रहालयात माणूस अख्ख्या दालनासाठी तासभर काढतो. मग क्युरेटरला त्या गेममधला असा टप्पा शोधावा लागतो, की जो पाच मिनिटांत त्याचा स्वभाव सांगेल. कुणी अर्ध्यावर सोडून गेलं तर गेम आपोआप पहिल्या जागी परत यायला हवा. दिवसभर शेकडो हातांनी पिळलेली जॉयस्टिक महिन्याभरात खिळखिळी होते, म्हणून मागच्या खोलीत तिचे जोड तयार ठेवायचे. मूळ यंत्र खेळायला द्यायचं की ते मागे सुरक्षित ठेवून पुढे नक्कल मांडायची, यावर तर दोन क्युरेटरांचं एकमत होणं कठीण. आणि या सगळ्यात एक माणूस हिशेबाबाहेर राहतो, तो म्हणजे मागे उभा राहून बघणारा. वाड्यातल्या पत्त्यांच्या डावामागे जसा एखादा उभा राहून ‘अरे, ते पान कशाला टाकलंस’ म्हणतो, तसा तो इथेही असतो. नातू खेळतो, आजी मागे उभी. थोड्या वेळाने आजी सांगायला लागते, ‘डावीकडे जा ना’. तिने कळ दाबलेली नाही, तरी ती खेळात आहे. चांगलं दालन तिच्यासाठीही जागा ठेवतं: पडदा तिच्या उंचीला दिसेल असा, आणि मागे टेकायला बाक.

२०१९ मध्ये ॲक्मी बंद ठेवून चार कोटी डॉलरच्या नूतनीकरणाला घेतलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ते पुन्हा उघडलं. आता तिथे जाणाऱ्याला ‘लेन्स’ नावाची पुठ्ठ्याची एक चकती मिळते. जे आवडेल त्याच्याजवळच्या खुणेला ती टेकवायची, आणि घरी जाऊन आपण गोळा केलेलं सवडीने पाहायचं. कायमच्या प्रदर्शनात गेमचं दालन सिनेमाच्या शेजारी, त्याच मानाने आहे.

आठांच्या यादीतला ‘फ्लॉरेन्स’ इथे जरा जवळून पाहू. मेलबर्नच्या माउंटन्स या छोट्या स्टुडिओने तो १४ फेब्रुवारी २०१८ रोजी आणला, मोबाइलवर, पाऊण तासात संपणारा. फ्लॉरेन्स यो ही पंचविशीतली मुलगी आणि क्रिश हेमराजानी हा भारतीय वंशाचा, चेलो वाजवणारा तरुण. त्यांची पहिली भेट होते तेव्हा बोलण्यासाठी आपल्याला कोड्याचे बरेच तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी आणि मोठे होत जातात, शेवटी बोलणं आपसूक जुळतं. मग भांडणं सुरू होतात आणि तुकड्यांच्या कडा टोकदार होतात. क्रिश राहायला येतो, तेव्हा फडताळावरच्या तिच्या कुठल्या वस्तू उचलून त्याच्या वस्तूंना जागा द्यायची हे आपण ठरवायचं. एकही संवाद ऐकू येत नाही. तरी जो कुणी लग्न करून किंवा शिकायला म्हणून दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्या देशात राहायला गेला आहे, त्याला ते फडताळ भरताना काहीतरी होतंच. ही गोष्ट कादंबरीत सांगता येते, सिनेमात दाखवता येते. इथे ती आपल्या बोटांनी करावी लागते.

असे फोनवरचे गेम जपणं तर आणखी कठीण. ब्रिस्बेनच्या हाफब्रिकचा ‘फ्रूट निंजा’ २०१० मध्ये आला आणि पुण्या-मुंबईच्या लोकलमध्येही लोक बोटाने कलिंगडं कापू लागले. पण आपण तेव्हा खेळलो तो ‘फ्रूट निंजा’ आज कुठे आहे? दर काही महिन्यांनी त्यावर नवी आवृत्ती चढत गेली. ॲपलने २०१७ मध्ये जुन्या ३२-बिट पद्धतीच्या ॲपना दार बंद केलं, तेव्हा हजारो छोटे गेम एका रात्रीत उघडेनासे झाले. कॅसेट निदान माळ्यावर पडून राहायची.

इथवर संग्रहालयाने जपलेल्या गेमविषयी लिहिलं. दुसरी बाजू आहे ती संग्रहालयांनी इतिहास सांगण्यासाठी वापरलेल्या गेमची. माझ्या मते ती अधिक धाडसाची आहे. सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने टास्मानियातल्या रोअर फिल्मबरोबर ‘द व्हॉयेज’ हा गेम केला. इंग्लंडहून कैदी घेऊन निघालेल्या जहाजावर आपण वैद्यकीय अधिकारी असतो आणि ती माणसं जिवंत पोचवायची असतात. यामागचा इतिहास भयंकर आहे. १७९० मध्ये सिडनीला आलेल्या दुसऱ्या ताफ्यातले जवळपास चौथा भाग कैदी वाटेतच मेले, कारण कंत्राटदाराला चढवलेल्या डोक्यांमागे पैसे मिळत होते, उतरवलेल्या नव्हे. पुढे कराराची कलमं बदलली, १८१५ पासून प्रत्येक जहाजावर सरकारी सर्जन नेमला जाऊ लागला, आणि मृत्यू झपाट्याने घटले. पैसे कशाचे मिळतात यावर माणसं जगतात की मरतात, ही गोष्ट पाटीवर वाचून कळते. पण अन्न, औषध आणि हवा यांचा हिशेब स्वतः जुळवायला लागला की ती पटते. गेमची मूळ भाषा नियमांची असते, म्हणून नियमांनी केलेलं क्रौर्य सांगायला तो फार नेमका पडतो.

मेलबर्नच्या जुन्या कस्टम्स हाउसमधल्या इमिग्रेशन म्युझियममध्ये ‘गेटिंग इन’ नावाच्या दालनात पाहुण्याला देशात कुणाला घ्यायचं हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवलं गेलं. पडद्यावर अर्जदार येतात, बोलतात, निर्णय आपला. आपल्या लोकांनी इथे जास्त वेळ थांबावं. १९०१च्या कायद्याने ऑस्ट्रेलियात येणाऱ्या गोरेतरांना अडवण्यासाठी पन्नास शब्दांची श्रुतलेखनाची परीक्षा ठेवली होती, आणि ती कुठल्याही युरोपीय भाषेत घेण्याची मुभा अधिकाऱ्याला होती. इंग्रजी येत असेल तर दुसऱ्या भाषेत घ्या. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या पत्रकाराला अडवायचं होतं, तर त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली. उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. १९०९ नंतर ही परीक्षा कुणी उत्तीर्ण झाल्याची नोंद नाही. १९५८ पर्यंत ती कायद्यात होती, आणि गोऱ्या ऑस्ट्रेलियाचं धोरण १९७३ मध्ये पूर्ण संपलं. समोरचा हरलाच पाहिजे असे नियम रचून त्याला परीक्षा म्हणायचं, असा तो डाव होता. मेलबर्न-सिडनीत आज गणपती बसवणारी, मराठी शाळा चालवणारी घरं हा डाव मोडल्यानंतर आलेली आहेत. अधिकाऱ्याच्या खुर्चीत दोन मिनिटं बसल्यावर हे जसं समजतं, तसं दुसऱ्या कशाने समजेलसं मला वाटत नाही.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वूमेराच्या वाळवंटात आश्रय मागणाऱ्यांना डांबून ठेवणारी छावणी १९९९ ते २००३ चालली. ‘एस्केप फ्रॉम वूमेरा’ या गेममध्ये आपण त्या छावणीतला बंदी. सरकारी कला मंडळाने त्याच्या प्राथमिक आवृत्तीसाठी २५ हजार डॉलर दिल्याचं कळताच देशभर गदारोळ झाला, इमिग्रेशन मंत्री फिलिप रडॉक यांनी उघड नाराजी दाखवली. दुःखाचा खेळ करायचा का, असा सवाल तेव्हा झाला. सवाल रास्त आहे. माणसांच्या यातनांना गुण द्यायला लागलो तर आपण काय शिकवतो, याचा विचार ‘द व्हॉयेज’सारख्या गेमनेही करायलाच हवा. पण छावणीत पत्रकारांना मोकळेपणाने जाता येत नव्हतं, आणि आतला दिवस कसा जातो हे दाखवण्याचा तो एक मार्ग होता. मी त्या गेमच्या बाजूने आहे आणि तसं या पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे.

एका ठिकाणी मात्र गेमच्या सवयीच आड येतात. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजांत काही जागा, काही कथा, काही चित्रं सर्वांसाठी नसतात. पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या, दीक्षा घेतलेल्यांच्या वेगळ्या. तिथल्या संग्रहालयांत दाराशीच सूचना असते, की आत निधन पावलेल्यांची चित्रं किंवा आवाज असू शकतात. आणि गेमची शिकवण काय? प्रत्येक दार उघड, प्रत्येक कोपरा धुंडाळ, सगळं गोळा कर. कूमा समाजातले ब्रेट लीव्ही गेमच्याच तंत्राने ‘व्हर्च्युअल साँगलाइन्स’ उभारतात, वसाहतीपूर्वीची भूमी आणि तिथलं जगणं पडद्यावर आणतात. काय दाखवायचं हे त्या भूमीच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरतं. जिथे जायचं नाही तिथे वाटच नाही, आणि त्याचं कारण खेळणाऱ्याने समजून घ्यायचं. देवस्थानं, देवराया, जातपंचायतींच्या आठवणी यांवर उद्या महाराष्ट्रात कुणी गेम करायला घेतला, तर हा धडा आधी वाचावा.

महाराष्ट्रात खेळांचा ठेवा काही लहान नाही. लेण्यांच्या ओट्यांवर कोरलेले पट आहेत, मोक्षपट आहेत, पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी घराघरांतून मिळवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. ते पट आपण जपले आहेत. ते खेळायचे कसे, हे सांगणारी माणसं मात्र थोडी उरली. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तर सुरुवातही झालेली नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा पुराणकथांवरचा गेम काढला आणि तो जगभर खेळला गेला. त्याची पहिली रेखाटनं, फसलेले प्रयोग कुठल्या सार्वजनिक संस्थेकडे जायला हवेत? नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे गेम आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेट गल्लोगल्ली होत्या, तासाच्या भाड्याने गेम देणारी पार्लरं होती. तो काळ चाळिशी गाठलेल्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात आहे, कागदावर जवळपास कुठेच नाही.

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये कॉपीराइट कायदा दुरुस्त करून ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना जपणुकीसाठी प्रती काढण्याची मोकळीक दिली गेली, आणि जुनं सॉफ्टवेअर एकत्रितपणे चालवण्यासाठी तिथली विद्यापीठं आणि संग्रहालयं एका जाळ्यात जोडली जात आहेत. आपल्याकडे कायदा आणि संस्था येतील तेव्हा येतील. तोवर माळ्यावर जुना कॉम्प्युटर, कॅसेट, गेम पार्लरची पावतीवही सापडली तर टाकून देऊ नका. कॅसेट कोरड्या, थंड जागी, स्पीकरपासून लांब उभी ठेवा. चालवून बघण्याची घाई करू नका; जुन्या यंत्रातला बिघडलेला पट्टा टेप ओढून तोडतो. आणि एका कागदावर लिहून ठेवा: यंत्र कुठून आणलं, केवढ्याला, कोणत्या साली, घरात कोण कोण खेळायचं, कुणाला खेळू दिलं जायचं नाही, आणि सगळे कुठल्या टप्प्यावर हमखास अडकायचे.